आदर्श शिक्षक पुरस्कार मिळालेले शिक्षक खरंच चांगलं शिकवतात का? मुलीला पहिलीत घालताना ते बघावं का?

नका बघू. मला स्वतःला जिल्ह्याचा मिळालाय म्हणून हक्काने सांगते, पुरस्कार मागावा लागतो. प्रस्ताव करायचा, त्यात फोटो, पेपरची कात्रणं, शिफारशी. राष्ट्रीय पुरस्काराला तर 2018 पासून स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. ज्याला फाईल जमते तो पुढे.

पण म्हणून माझे दीर दर दिवाळीला सगळ्यांसमोर "वहिनींचा फाईलीचा पुरस्कार" म्हणतात ना, तेव्हा डोकं सणकतं. वर विचारणार, तुमच्या पोरांना तीसपर्यंत पाढे येतात का?

माझी नोकरी सगळी पेठ तालुक्यात, झेडपीच्या शाळेत. दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा, आईबाप दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला आणि पोरं त्यांच्यासोबत, परत आली की सगळे म्हणणार मागं पडली. तिसरीतली एक पोरगी अशीच आलेली, हातच्याची वजाबाकी दिली की नुसती वहीकडे बघत बसायची. आणि एकदा खिचडी खाता खाता मैत्रिणीला सांगतेय, बापाने मुकादमाकडून उचल किती घेतली, रोजचे किती कापले, अजून किती फिटायचेत. सगळं तोंडी आणि बरोबर! मी तिथेच ओट्यावर खडूने तेच मांडायला लावलं. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, हातचा म्हणजे एवढंच, तिला लगेच कळलं. मग सगळ्या वर्गालाच हिशोबाची वही लावली, हजेरी, क्रेट, उचल, बाकी. पुढच्या हंगामात तिची आई ती वही घेऊन मुकादमासमोर बसली, तर त्याने सरपंचाकडे तक्रार केली की बाई पोरांना नको ते शिकवतात. आता याचा फोटो कुठून आणू फाईलीत लावायला?

यात मी काही नवीन केलं नाही. अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली होती, आमच्या डीएडला हे सगळ्यांनी वाचलंय, परीक्षा झाली की विसरलेत.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर शाळा चालू असताना जा आणि दोन-चार पोरांच्या वह्या मागा. सगळ्यांत तेच निबंध, तीच वाक्यं, एकही खाडाखोड नाही, तर निघा तिथून. सीबीएसई आहे की झेडपी, ते नंतर बघा.

हां, सगळेच पुरस्कारवाले फाईलवाले नसतात. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या डिसले सरांना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटले. आणि पाढे पाठ हवेतच, मी कुठे नाही म्हणतेय.

फक्त घरात कोणी तीसपर्यंत पाढे विचारणारं असेल तर त्यांना विचारा, उचल पाच हजार, रोज अडीचशे कापले, अठरा दिवस भरले, किती राहिले? आमचे भाऊजी मोबाईल काढतात.