वाचकांचे प्रश्न : हँडल ओढल्यावर पुढे काय?

प्रश्न : ४ जून २०२४ रोजी आमच्या तालुक्यात शिरसगावला सुखोई-३० कोसळलं. दोन्ही वैमानिक पॅराशूटने वाचले. आसनाचं हँडल ओढल्यावर नेमकं काय होतं? – निफाड

उत्तर : दोन-तीन सेकंदांचा मामला, पण क्रम ठरलेला. सुखोईत रशियन बनावटीचं के-३६ आसन असतं, हँडल मांड्यांच्या मधे. ते ओढलं की पट्टे आवळून खांदे आणि पाय आसनाला जखडतात, कॅनॉपी (डोक्यावरचं काचेचं झाकण) उडते. आधी मागचं आसन रॉकेटच्या जोरावर सुटतं, मग पुढचं. उलट झालं तर पुढच्या रॉकेटची आग मागच्याला भाजेल. आसन हवेत गरगरू नये म्हणून पाठीमागून दोन दांडे बाहेर येतात, त्यांच्या टोकांना छोटी पॅराशूटं. मग आसन गळून पडतं आणि मुख्य पॅराशूट उघडतं. फार उंचावर असाल तर ते मुद्दाम उशिरा उघडतं. विरळ, गोठवणाऱ्या हवेत लटकत राहण्यापेक्षा आसनासकट लवकर खाली आलेलं बरं.

आसन सुटताना अंगावर शरीराच्या वजनाच्या पंधरा-वीस पट भार येतो. म्हणून डोकं मागे टेकलेलं आणि कणा ताठ हवा. तरीही छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथले मणके चेपतात. वैमानिक चालत आला तरी मणका मोडलेला असू शकतो, हे गावकऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्याला उठवून बसवू नका, सपाट झोपू द्या. शेतात पडलेल्या आसनाला हात लावू नका, त्यात न उडालेली काडतुसं असू शकतात. जळत्या अवशेषांच्या धुरात तर उभंच राहू नका. वारा जिकडून येतोय त्या बाजूला, लांब थांबा. व्हिडिओ नंतरही काढता येतो.

प्रश्न : आधुनिक आसन ‘शून्य उंची, शून्य वेग’ असतानाही चालतं म्हणतात. मग इजेक्ट करूनही (आसनासकट बाहेर पडूनही) वैमानिक का दगावतात? – पुणे

उत्तर : कारण ती हमी सपाट उभ्या विमानासाठी आहे. आसन वर जातं ते विमानाच्या तुलनेत. विमान सेकंदाला ५० मीटरने खाली येत असेल, तर आसनाचा बराचसा जोर ती घसरण थोपवण्यातच खर्च होतो. विमान ९० अंश कललेलं असेल तर आसन आडवं सुटतं, उलटं असेल तर जमिनीकडे. म्हणजे सुरक्षित उंची शून्य नसून घसरणीचा वेग आणि कल यांवर ठरते. निर्णयाला लागलेले दोन सेकंद म्हणजे आणखी १०० मीटर गेले.

जुन्या आसनांत तेवढीही सोय नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या मिग-२१ च्या केएम-१ आसनाला धावपट्टीवरही ताशी सुमारे १३० किलोमीटर वेग लागे. माझ्या मते सर्वांत घातक सवय म्हणजे ‘अजून एकदा प्रयत्न करू’. म्हणूनच अमेरिकेच्या अनेक लढाऊ विमानांच्या नियमपुस्तकांत आकडाच लिहिला होता: ताबा सुटलाय आणि जमिनीपासून १०,००० फुटांच्या खाली आहात, तर बाहेर पडा. विचार आधीच करून ठेवलेला असतो, तो आयत्या वेळी करायचा नसतो.

प्रश्न : वैमानिक बाहेर पडल्यावर विमान आपोआप उतरलं, ही थाप ना? – सोलापूर

उत्तर : खरी गोष्ट आहे. २ फेब्रुवारी १९७० रोजी अमेरिकेत माँटाना राज्यावर एक एफ-१०६ लढाऊ विमान सपाट गिरकीत अडकलं, म्हणजे आडवं राहूनच भोवऱ्यासारखं फिरत खाली येऊ लागलं. वैमानिक बाहेर पडला आणि गिरकी थांबली. आसन सुटतानाच्या धक्क्याने आणि वजनाचा तोल बदलल्याने नाक खाली गेलं असावं, असं मानलं जातं. पंखांना पुन्हा हवेचा आधार मिळाला आणि विमान बर्फाळ शेतात पोटावर घसरत थांबलं. दुरुस्त होऊन ते पुन्हा उडालं. आता डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. यावरून कुणी विमानात बसून राहू नये.

प्रश्न : २०१९ साली गोव्यात पक्ष्यांमुळे मिग-२९के पडलं. दोन इंजिनं असूनही? – वास्को

उत्तर : थवा दोन्ही इंजिनांपुरता रुंद असतो. त्या १६ नोव्हेंबरला एक इंजिन विझलं, दुसऱ्याला आग लागली. विझलेलं इंजिन पुन्हा पेटवायला वेग आणि उंची हवी. उड्डाणानंतर लगेच दोन्ही नसतात. दोघांनी विमान वस्तीपासून दूर वळवून इजेक्ट केलं आणि ते वाचले. त्याच वर्षी जूनमध्ये अंबाल्याला एका जॅग्वारचं पक्ष्याच्या धडकेने एकच इंजिन निकामी झालं. वैमानिकाने बाहेरच्या इंधन टाक्या आणि सरावाचे बॉम्ब टाकून वजन उतरवलं, आणि उरलेल्या इंजिनावर परत येऊन सुखरूप उतरला.