टायरमधली हवा टिकत का नाही?

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी पाच वर्षांची असून तिला अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर आहेत. दिवाळीच्या आधी एका दुपारी चारही चाकांत ३३ पाउंड हवा भरून घेतली होती. आता जानेवारीत सकाळी मोजली, तेव्हा तीन चाकांत २८ पाउंड भरली. मागच्या डाव्या चाकाची गोष्ट वेगळीच आहे. त्यात ३३ पाउंड भरले तरी आठवड्याभरात ते २६ वर येते. या चाकाला दोन वर्षांपूर्वी खिळा लागला होता आणि तेव्हा स्ट्रिप घालून पंक्चर काढले होते. पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवून पाहिले, पण काही सापडले नाही. एकाने नायट्रोजन भरण्याचा, तर दुसऱ्याने आत ट्यूब टाकण्याचा सल्ला दिला आहे. आम्ही अधूनमधून सिमरोळच्या घाटाने ओंकारेश्वरला जातो, त्यामुळे काळजी वाटते. चारही टायर बदलून टाकावेत का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : चार टायर बदलण्याचे कारण आपल्या पत्रात कोठेही दिसत नाही. आपण चारही चाकांचे आकडे लिहून पाठवले, हे फार बरे केले, कारण त्या आकड्यांवरूनच आपल्या गाडीत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत आहेत हे कळते. तीन चाकांत सारख्याच प्रमाणात जे घडले आहे, त्याला बिघाड म्हणता येत नाही. चौथ्या चाकातून मात्र हवा खरोखरच बाहेर जात आहे.

आधी तीन चाकांचे पाहू. टायरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो आणि मोटारीच्या टायरच्या बाबतीत साधारण ५ ते ६ अंश सेल्सिअसला एक पाउंड हा हिशेब चालतो. ऑक्टोबरमधल्या दुपारी इंदुरात ३२ अंशांच्या आसपास असलेले तापमान जानेवारीतल्या पहाटे १० अंशांवर उतरले, तर ३३ पाउंडांपैकी साडेतीन पाउंडांच्या आसपास केवळ थंडीने कमी होतात. टायरमधून हवेचा कणही बाहेर गेलेला नसतो. त्याशिवाय रबर कधीच पूर्णपणे हवाबंद नसते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला ब्यूटाइल जातीच्या रबराचा पातळ थर असतो, तो हवा अडवतो, तरीही महिन्याला एखादा पाउंड, कधी दोनही, झिरपून जातात. या दोन्ही गोष्टींची बेरीज केली की अडीच महिन्यांनंतर ३३ चे २८ होणे अगदी अपेक्षित ठरते. त्या तीन चाकांत सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील किंवा पेट्रोलच्या झाकणामागील पट्टीवर दिलेल्या आकड्याइतकी हवा भरा आणि महिन्यातून एकदा मोजत जा. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तितकी हवा भरायची नसते, आणि हा गोंधळ पेट्रोल पंपावरची मुलेसुद्धा करतात.

घाटाचा उल्लेख आपण केला आहे म्हणून सांगतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि नर्मदेचे खोरे त्याहून बरेच खाली. खाली उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे गेजवर अर्धा-पाऊण पाउंड कमी दिसू शकतो. पण घाट उतरताना टायर तापून दाब तीन-चार पाउंड वाढलेला असतो, म्हणून हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. याच कारणासाठी प्रवासातून आल्याबरोबर घेतलेले माप प्रमाण मानू नये, आणि गरम टायरमधून हवा सोडून आकडा बरोबर आणण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

आता मागचे डावे चाक. आठवड्याला ७ पाउंड म्हणजे नेमकी किती हवा, याचा हिशेब केला की पंक्चरवाल्याला काही का सापडले नाही ते उमगते. आपल्या गाडीच्या टायरमध्ये सुमारे ३० लिटर जागा असते. दाब ७ पाउंडांनी उतरला, म्हणजे बाहेरच्या दाबाला मोजली तर १४-१५ लिटर हवा गेली. ती सात दिवसांवर वाटली, तर एका मिनिटाला दीड घनसेंटिमीटर होते, चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. ही हवा एकाच छिद्रातून येत असेल तर बुडबुड्यांची बारीक सर दिसेल. पण ती रिमच्या कडेने बोटभर लांबीतून पाझरत असेल, तर गर्दीच्या वेळी टाकीत चाक एकदा फिरवून पाहणाऱ्याला काहीच दिसणार नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी पाहिले जाते ते फक्त टायरचे रस्त्याला टेकणारे तोंड. खिळा तिथेच लागतो हे खरे, परंतु हवा बाहेर पडण्याच्या जागा आणखीही आहेत.

माझा पहिला संशय जुन्या स्ट्रिपवर आहे. बाहेरून सुईने खुपसलेली चिकट स्ट्रिप छिद्र बुजवते, मात्र आतल्या ब्यूटाइलच्या थराला ती सांधत नाही. टायर दर फेऱ्याला दबतो आणि मोकळा होतो, तसतशी ती हळूहळू सैल पडते. कधी हवा त्या छिद्रात शिरून टायरच्या थरांमधून पसरते आणि भलत्याच जागी बाहेर येते. तेव्हा चाकावर व्हॉल्व्हच्या संदर्भाने खडूने खूण करून ती जुनी जागा शोधा, तिच्यावर भांडी घासण्याच्या साबणाचे दाट पाणी ओता आणि पाच मिनिटे थांबा. तिथे फेस फुगला, तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. त्याची दांडी छिद्र भरते आणि टोपी आतला थर सांधते. छिद्र ६ मिलिमीटरपेक्षा मोठे असेल किंवा टायरच्या खांद्यावर (रस्त्याला टेकणारा भाग आणि भिंत यांच्यामधल्या वळणावर) अथवा भिंतीवर असेल, तर दुरुस्ती न करता टायर बदललेलाच बरा.

दुसरा संशय व्हॉल्व्हचा. झाकण काढून त्याच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब फुगला तर आतली पिन गळते आहे. ही पिनेची रचना अमेरिकेत जॉर्ज श्रेडर यांच्या नावाने १८९३ मध्ये पेटंट झाली आणि तेव्हापासून तिचे तत्त्व बदललेले नाही. पिन काही रुपयांत मिळते व टायर न काढता बदलता येते, फक्त ती जोर लावून आवळू नये, कारण तिचे बारीक रबरी सील त्याने चिरडते. पिन ठीक असेल, तर व्हॉल्व्हची रबरी मान हलकेच बाजूला वाकवून बुडाशी साबणाचे पाणी लावा. पाच उन्हाळ्यांत हे रबर तडकू लागते आणि चीर वाकवल्याशिवाय उघडत नाही. चाक वेगात फिरताना मात्र मान बाहेरच्या दिशेने ओढली जाते आणि उभ्या गाडीत न दिसणारी गळती रस्त्यावर सुरू होते. टायर काही कारणाने रिमवरून उतरवणारच असाल, तर व्हॉल्व्ह त्याच वेळी नवा घालून घ्या. झाकणही हरवू देऊ नका, ते धूळ अडवते.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते : टायरची कड, म्हणजे बीड, जिथे रिमवर बसते ती रेघ. अलॉय व्हीलवरचा लेप पाण्याने आणि रस्त्यावरच्या खड्यांनी निघाला की ॲल्युमिनियमवर पांढरट, खडबडीत पूड धरते आणि टायर त्या खडबडीत जागेवर घट्ट बसू शकत नाही. खड्ड्यात चाक आपटून रिमची कड जराशी आत गेली, तरी हेच होते. आपल्याकडे त्यात माळव्याच्या काळ्या मातीची भर पडते. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पोटाकडे, साचलेला चिखल वाळून असा घट्ट बसतो की त्याखालची चीर किंवा पोचा धुतल्याशिवाय दिसत नाही. म्हणूनच गाडीवर लावलेल्या चाकाला बाहेरून साबण मारून केलेली तपासणी मी अर्धीच समजतो. चाक काढून धुवून घ्यावे, ३५-४० पाउंडांपर्यंत, पण भिंतीवरच्या कमाल आकड्याच्या आतच, हवा भरावी आणि ते पूर्ण बुडेल अशा टाकीत आडवे ठेवून दोन्ही बाजू प्रत्येकी पाच-सात मिनिटे शांतपणे पाहाव्यात. बीडमधून गळती निघाली, तर टायर उतरवून रिमची बैठक तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करून घ्यावी, बीड सीलर (बीड आणि रिममधली फट बुजवणारा लेप) लावावे आणि बॅलन्सिंग करून चाक बसवावे. रिमला तडा असेल तर मात्र वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये. मागच्या चाकावर कुटुंबाचा भार असतो.

टायर उतरवण्याआधी टायर आणि रिम दोन्हींवर एकमेकांसमोर खडूची रेघ ओढायला सांगा. गळतीची जागा सापडली पण दोष टायरचा की रिमचा हे ठरत नसेल, तर टायर थोडा फिरवून बसवता येतो. गळती टायरबरोबर सरकली की रिमजवळच राहिली, यावरून निर्णय होतो. आतल्या बाजूला काळ्या रबराचा भुगा पडलेला दिसला, तर तो टायर कमी हवेवर बराच चालला असून त्याची भिंत आतून खचली आहे असे समजावे. अशा टायरचे पंक्चर काढण्यात अर्थ नाही.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात : साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन रबरातून किंचित सावकाश झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, एवढाच त्याचा फायदा. भोकातून तो हवेसारखाच निघून जातो. ट्यूब टाकण्याचा सल्ला मात्र मानू नका. ट्यूबलेस टायरच्या आतला पृष्ठभाग ट्यूबसाठी घडवलेला नसतो, दोघांच्या घर्षणाने उष्णता वाढते, आणि पुढे खिळा लागला तर आज हळूहळू उतरणारी हवा तेव्हा घाटातल्या वळणावर एकदम जाईल.

प्रश्न : आमच्या गाडीत हवेचा दाब दाखवणारा दिवा आहे. हिवाळ्यात सकाळी तो लागतो आणि पलासियापर्यंत पोहोचेतो आपोआप विझतो. दिवा खराब आहे का?
— एक वाचिका, टिळकनगर, इंदूर

उत्तर : दिवा खराब असण्याची शक्यता कमी आहे. दाब इशाऱ्याच्या मर्यादेवर रेंगाळत आहे. रात्रीच्या थंडीने तो मर्यादेखाली जातो आणि टायर तापल्यावर पुन्हा वर येतो. म्हणजे सकाळचा दिवाच खरे सांगत आहे. ही मर्यादा बरीच खाली असते, हेही लक्षात घ्या : अमेरिकेत २००७ पासून सर्व नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली, तेव्हा ठरवून दिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा, असा नियम ठेवला गेला. ३३ पाउंडांच्या गाडीत हा इशारा २५ च्या जवळपास येऊन मिळतो. काही गाड्यांत चाकात दाबमापक नसतोच. ब्रेकच्या यंत्रणेतून चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करून अंदाज बांधला जातो. अशा गाडीत चारही चाके सारखीच उतरली, तर दिवा गप्प राहू शकतो. हातातल्या गेजला पर्याय नाही, आणि गेज नेहमी एकच वापरावा, कारण दोन गेजांत एक-दोन पाउंडांचा फरक सर्रास असतो.

प्रश्न : नव्या गाडीबरोबर स्टेपनी मिळाली नाही, फक्त छोटा पंप आणि सीलंटची बाटली मिळाली. हे कायदेशीर आहे का? आणि हवा उतरणाऱ्या चाकात ते सीलंट कायमचे घालून ठेवावे का?
— एक वाचक, राऊ

उत्तर : कायदेशीर आहे. ट्यूबलेस टायर, दाबाचा इशारा देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असलेल्या लहान मोटारींना स्टेपनीतून सूट देणारा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये केला. सीलंट मात्र पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतेच असते. ते फक्त तळव्यातल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, लहान छिद्रावर चालते. बीडच्या, व्हॉल्व्हच्या किंवा भिंतीच्या गळतीवर त्याचा भरवसा धरू नये. वापरल्यावर वेग कमी ठेवावा आणि टायर उतरवणाऱ्याला ते आत असल्याचे आधीच सांगावे, म्हणजे तो आतून धुऊन पॅच लावील. चाकात दाबमापक असेल, तर तो चिकटला नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. बाटलीवर मुदतीची तारीख असते. ती उलटली असेल, तर सेंधव्याकडे निघण्यापूर्वी नवी घ्या.