आईच्या नावापुढं माझी सही

प्रश्न: वकीलबाई, आम्ही गंगाखेडजवळच्या खेड्यातले. आई ७८ वर्षांची. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. गेल्या दिवाळीपासून ती छत्रपती संभाजीनगरच्या एका वृद्धाश्रमात आहे. तिला ठेवताना भावानं आणि मी छापील फॉर्मवर सह्या केल्या, ‘सर्व बाबींना संमती’ म्हणून. आता कळलं, रात्री खोलीला बाहेरून कडी लावतात आणि झोपेची गोळी वरणात कुस्करून देतात. आई म्हणाली, “मला न इचारता कामून सही केलीस?” महालक्ष्म्यांना घरी न्या म्हणते. त्यात भाऊ तिच्या नावची साडेतीन एकर बक्षीसपत्रानं करून घ्यायचं म्हणतोय. व्यवस्थापक म्हणतात, त्यांना काही कळत नाही, तुमचीच सही चालते. खरंय का?
– एक लेक, परभणी

उत्तर: नाही हो ताई. सज्ञान माणसाची संमती पोटच्या लेकरालाही आपोआप देता येत नाही. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हेच धरलं. बाई भुलीत होत्या, डॉक्टरांनी त्यांच्या आईला विचारून मोठी शस्त्रक्रिया उरकली. जिवावरचा प्रसंग नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची ती संमती चालली नाही.

“काही कळत नाही” हे मी अंबाजोगाईच्या कोर्टात ३१ वर्षं ऐकलं. माझा ठरलेला उलट प्रश्न असायचा: नेमकं काय कळत नाही? माझ्या सासऱ्यांना शेवटी तारीख सांगता यायची नाही, मला ते शाळेतल्या बाई समजायचे. पण विहिरीच्या पाण्याची पाळी कुठल्या वारी कुठल्या भावाची, अन् बांध सोडला तर आपलं काय जाईल, हे तलाठ्यापेक्षा नीट सांगायचे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही उपचारांच्या बाबतीत हेच बघायला लावतो: माहिती समजते का, परिणाम ध्यानात येतो का, बोलून नाहीतर खुणेनं निर्णय सांगता येतो का. दुसऱ्यांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येत नाही.

गोळीची चिठ्ठी मागा. कुणी लिहून दिली, कशासाठी? सुस्तीत म्हातारं माणूस रात्री लघवीला उठतं, पडतं, खुब्याचं हाड मोडतं. गोंधळ अचानक वाढला असेल तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग आणि रक्तातलं सोडियम तपासून घ्या. डिमेन्शियाच्या नावाखाली हे हमखास राहून जातं. अन् कडी? आग लागली तर उघडणार कोण, हे व्यवस्थापकांना लेखी विचारा. माणसाला बेकायदा कोंडून ठेवणं गुन्हा आहे, हेही त्यात लिहा.

आईला जे विचारायचं ते सकाळी, चहा झाल्यावर विचारा. चष्मा डोळ्यावर, मशीन असेल तर कानात, आणि भाऊ बाहेर. एका वेळी एकच गोष्ट, तिच्याच बोलीत. अशा माणसांचा गोंधळ पुष्कळदा दिवस मावळताना वाढतो. तेव्हाचं ‘हो’ही धरू नका, ‘नको’ही. महालक्ष्म्यांचं तर तिनं स्वतःहून सांगितलंय, त्यात तपासायचं काय? तीन दिवसांचा सण. घेऊन जा.

जमिनीचं मात्र थांबवा. करार कायद्याच्या कलम १२ नुसार, सही करतेवेळी व्यवहार समजून त्यात आपलं हित कशात हे ठरवता आलं पाहिजे. तिला ते समजत असेल आणि द्यायचीच असेल, तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. म्हणजे उद्या सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. समजत नसेल, तर अंगठा घेऊ नये. भाऊ ‘मग मुखत्यारपत्र करू’ म्हणेल, सगळे म्हणतात. पण देणाऱ्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही की साधं मुखत्यारपत्र तिथंच संपतं. ते पुढं करून जमीन विकायला निघालेले सख्खे भाऊ मी पाहिलेत.

आणि तो फॉर्म. ‘सर्व बाबींना दिलेली संमती मी मागे घेते, प्रत्येक बाब आधी आईला विचारावी’ असं लिहून द्या, पोच घ्या. देण्याआधी तो कागद आईला वाचून दाखवा.