बंडखोर आणि विद्रोही

प्रश्न असा : दादरला रॅपच्या एका कार्यक्रमाच्या पोस्टरवर गायकाला ‘बंडखोर आवाज’ म्हटले होते. शाहिरांना मात्र आपण ‘विद्रोही’ म्हणतो. दोन्ही एकच ना?

कोशात जवळजवळ एकच, वापरात नाही. बंड कोणाविरुद्ध, हे सांगावे लागते. ‘बंडखोर’ म्हटले की त्यातला ‘विरुद्ध’ गळतो. ‘खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा; मराठीत तो खोड दाखवतो. भांडखोराला भांडायला कोणीही चालते! म्हणून ‘बंडखोर लूक’, ‘बंडखोर बीट्स’ बिनदिक्कत खपतात. ‘विद्रोही लूक’ म्हणून बघा, जीभ अडते. शिवाय निवडणुकीतला बंडखोर अर्ज मागे घेतो आणि ‘बंडोबा झाले थंडोबा’ असा मथळा येतो. म्हणजे बंडखोराची समजूत काढता येते, हेही भाषेने गृहीत धरले आहे.

विद्रोहातला ‘द्रोह’ हा राजद्रोहातलाच, म्हणजे मुळात आरोप. दलित कवींनी तो अभिमानाने अंगावर घेतला. १९९९ साली पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले तेही धारावीत.

कंपन्यांना ‘विरुद्ध’ गळलेले बंड फार आवडते. १९६८ साली अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड्सने कोठडीतल्या निदर्शक तरुणांचे छायाचित्र जाहिरातीत वापरून आपल्या तबकड्या विकल्या. आपल्याकडे कुर्ला-अंधेरीची पोरे पोलीस, गरिबी, गल्लीतले जगणे रॅपमधून मांडत होती. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा त्यांच्यावरचा चित्रपट आला आणि त्यातले ‘अपना टाइम आएगा’ टी-शर्टांवर चढले. आत्ता टाइम कोणाचा आहे आणि तो कोणी अडवलाय, हे टी-शर्ट सांगत नाही. यात पोरांना मी दोष देत नाही. गाण्यातून घर चालावे हा त्यांचा हक्कच आहे. राग आहे तो त्यांच्या शब्दांतला पत्ता पुसणाऱ्यांचा.

अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड (लावणीचाच एक प्रकार) आठवा. मुंबईत पोटासाठी आलेल्या गड्याचा विरह गाता गाता ती बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावे घेऊन संयुक्त महाराष्ट्राचा हक्क सांगते. ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला मागणी काय आणि कोणाकडे, हे विचारावे लागत नसे.

तेव्हा पोस्टरवरचा ‘बंडखोर’ व्याकरणाने बरोबर आहे. पण तोच गायक आपल्या वस्तीवर फिरलेल्या बुलडोझरबद्दल, तो पाठवणाऱ्याचे नाव घेऊन गात असेल, तर त्याला ‘विद्रोही’च म्हणावे.