नळजोडणीसाठी रस्ता खोदताना: परवानगी, चर आणि रात्रीचा दिवा

नमस्कार. सांगलीच्या विश्रामबागेतील आपल्या घराची जुनी लोखंडी नळजोडणी गंजली आहे आणि रस्त्यापलीकडच्या मुख्य वाहिनीवरून नवी जोडणी घेण्यासाठी वीस फुटी डांबरी रस्ता व पेव्हिंग ब्लॉकचा पदपथ आडवा फोडावा लागणार आहे. "शनिवारी रात्री जेसीबी आणू, सकाळपर्यंत बुजवून टाकू, कागदाच्या भानगडीत कशाला पडता?" असे आपला प्लंबर म्हणतो, आणि नियम नेमके काय आहेत असे आपण विचारले आहे. सांगली, मिरज आणि कुपवाडच्या गल्ल्यांत पाइपलाइनची कामे करून घेण्यात माझी बावीस वर्षे गेली, त्या आधारे लिहितो. प्लंबरचे ऐकू नये. मात्र त्याचे मुख्य कारण दंड हे नव्हे.

प्रथम कागदाचे पाहू. नळजोडणीची मंजुरी आणि रस्ता खोदाईची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली हाती आली म्हणजे दुसरी मिळालीच असे पुष्कळजण गृहीत धरतात. खोदाईची परवानगी ज्याच्या मालकीचा रस्ता त्याने द्यावयाची असते. आपल्या गल्लीसारखा अंतर्गत रस्ता महापालिकेचा असतो आणि तिथे 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. साताऱ्यात हीच बाब नगरपरिषदेकडे, 1965 च्या अधिनियमाखाली जाते. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी मालकी विचारून घ्यावी. अर्जासोबत चराची लांबी, रुंदी, खोली आणि पृष्ठभागाचा प्रकार दाखवणारा साधा नकाशा द्यावा, कारण रस्ता दुरुस्तीचे शुल्क त्यावरूनच निघते आणि डांबरी, काँक्रीट व ब्लॉक यांचे दर वेगवेगळे असतात. पावसाळ्याच्या तोंडावर परवानगी सहसा मिळत नाही. तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस धावपळ करण्यापेक्षा हिवाळ्यातच अर्ज करावा.

विनापरवाना खोदाईत दंड भरून सुटका होते ही समजूत अर्धीच खरी आहे. सार्वजनिक मार्गावर धोका किंवा अडथळा निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, तो कोणीही भरेल. परंतु निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला तर कलम 106 लागते आणि तिथे 5 वर्षांपर्यंत कैद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये रस्त्यावरील खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी 6 लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. परवानगी असली म्हणजे हे दायित्व टळते असेही नाही, कारण कुंपण आणि रात्रीचा दिवा या परवानगीतल्याच अटी असतात.

आता जमिनीखाली काय आहे याकडे वळू. 22 मार्च 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप सुरू झाले. खोदणाऱ्याने त्यात जागा नोंदवली की तिथे ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्यांना सूचना जाते. नोंद अवश्य करावी, पण तिच्यावर विसंबू नये. जुन्या गल्लीतील पाण्याच्या वाहिनीचा खरा नकाशा बहुधा त्या भागात पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो, म्हणून त्याला आदल्या दिवशी जागेवर बोलावून चुन्याने रेघ मारून घ्यावी. महावितरण, दूरसंचार आणि गॅस वाहिनी असल्यास ती कंपनी, या सर्वांना लेखी कळवावे.

त्यानंतर, जेसीबी येण्यापूर्वी, चराच्या रेषेवर दोन-तीन ठिकाणी हाताने चाचणी खड्डे घ्यावेत. प्रमाणकानुसार 1.1 केव्हीपर्यंतची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वीजकेबल 75 सेंटिमीटर आणि 11 केव्हीची 90 सेंटिमीटर खोल असावी लागते. दूरसंचार खात्याची जुनी पद्धत तर केबल 1.65 मीटर खोल टाकण्याची होती. प्रत्यक्षात रस्त्याची पातळी बदललेली असते, पदपथ दोनदा उकरलेला असतो, आणि केबल वीतभर खाली लागते. मिरजेच्या एका गल्लीत आमच्या गड्याला फूटभर खाली विटांची रांग लागली. जुना पाया समजून तो पहारीने वीट उचकटणार, इतक्यात मुकादमाने त्याचा हात धरला, कारण विटा ओळीने आणि आडव्या मांडलेल्या होत्या. खाली जिवंत केबल निघाली; तिच्या रक्षणासाठीच त्या विटा वर मांडलेल्या होत्या. पायाच्या विटा अशा एकेरी आणि कोरड्या मांडलेल्या नसतात, हे त्या दिवशी मलाही कळले; घाई करायला मीच सांगितले होते. वीट, फरशी, रंगीत पट्टी किंवा बाजूच्या मातीपेक्षा वेगळी बारीक वाळू दिसली की पहार व टिकाव बाजूला ठेवून फावड्याने हलकेच माती काढावी. केबल तुटलीच तर कोणीही जवळ जाऊ नये आणि वीज तक्रारींच्या 1912 या क्रमांकावर कळवावे. गॅसचा वास आल्यास यंत्र बंद करून माणसे लांब न्यावीत, विडी-काडी पेटू देऊ नये आणि भोक मातीने बुजवण्याचा शहाणपणा करू नये, कारण गॅस मातीखालून सरकत जवळच्या गटारात किंवा घरात शिरतो.

चराच्या खोलीविषयी आपण निर्धास्त दिसता, कारण जोडणीचा पाइप तीन फुटांच्या आतच बसेल. रस्त्यापुरते ते खरे आहे. परंतु मुख्य वाहिनीला जिथे फेरूल (घराची जोडणी घेण्याचा धातूचा छोटा तुकडा) बसवायचे तिथला खड्डा पाच-सहा फूटही होऊ शकतो, आणि धोका तिथेच आहे. सरकारी कामांच्या सुरक्षा नियमांनुसार 1.5 मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू उतरत्या कापाव्या लागतात किंवा फळ्या व आडवे टेकू लावून धरून ठेवाव्या लागतात, 1.2 मीटरपासून पुढे शिडी लागते आणि ती जमिनीच्या वर किमान 90 सेंटिमीटर यावी लागते; काढलेली माती काठापासून 1.5 मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तितकी दूर टाकावी लागते. सांगलीची काळी माती पाहता हे आकडे मी कमीत कमी समजतो. ही माती सकाळी कापली की भिंत सुरीने कापल्यासारखी उभी राहते आणि पाहणाऱ्याला वाटते की हिला कशाचा आधार हवा? दुपारच्या उन्हाने काठापासून हात-दीड हातावर केसासारखी चीर पडते. ती दिसली की खाली उतरलेला माणूस ताबडतोब वर घ्यावा, कारण एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते आणि कमरेपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला ओढून काढता येत नाही. साताऱ्याकडे मुरूम आणि कातळ लवकर लागतो, तिथे चर तुलनेने टिकतो, पण कातळ फोडणाऱ्या ब्रेकर यंत्राच्या हादऱ्याने शेजारचा जुना पाइप फुटतो.

काम चालू असतानाच्या वाहतुकीचे नियम इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या एसपी 55 या मार्गदर्शिकेत आहेत. आपल्या गल्लीपुरते सांगायचे तर रस्ता एकाच वेळी पूर्ण आडवा कापू नये; अर्धा कापून, पाइप टाकून, बुजवून किंवा वर जाड लोखंडी प्लेट टाकून मगच उरलेला अर्धा घ्यावा, म्हणजे रुग्णवाहिका अडणार नाही. पदपथ बंद होत असेल तर पायी चालणाऱ्यांसाठी बॅरिकेडच्या आत वेगळी वाट ठेवावी. चार काठ्यांना बांधलेली लाल-पांढरी फीत म्हणजे कुंपण नव्हे, कारण अंध व्यक्तीची काठी त्या फितीखालून सरळ चरात जाते. खालच्या बाजूला काठी अडेल अशी फळी किंवा पत्रा हवाच. (गणपतीत मंडपाचे खांब रोवण्यासाठी घेतलेल्या खड्ड्यांनाही हेच लागू आहे, पण ते बोलून वर्गणीत वाईटपणा कोण घेणार?)

रात्रीच्या दिव्याबद्दल मी जरा जास्तच बोलतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या देखरेखीखालील चर एका रात्रीसाठी उघडा राहिला. फीत होती, दिवा नव्हता. पहाटे साडेचार वाजता दुधाच्या किटल्या लावलेली सायकल घेऊन एक काका त्यात पडले, आणि त्यांच्या गळपट्टीचे हाड मोडले. पोलिसांत कोणी गेले नाही, खर्च ठेकेदाराने दिला, आणि मला मात्र चरात तुंबलेले ते दूध अजून दिसते. प्लंबरचा रात्रीचा बेत मला म्हणूनच मान्य नाही: काम अंधारात सुरू होते, दगड लागला की रखडते, माणसे पहाटे थकून निघून जातात, आणि चर नेमका वर्दळ सुरू होताना बेवारस पडलेला असतो. काम सकाळी आठला सुरू करावे आणि दिवस मावळण्यापूर्वी बुजवावे. ते न जमल्यास दोन्ही टोकांना लुकलुकणारे दिवे लावावेत, बॅटरी संपली तर बदलायला एक माणूस रात्रभर ठेवावा आणि त्याची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरावी.

बुजवताना निघालेली काळी माती परत टाकू नये; ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि त्यावरचा डांबराचा पट्टा वर्षभरात खचतो. पाइपाभोवती वाळू, वर मुरूम, तोही 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि कॉम्पॅक्टर (थर दाबून बसवणारे यंत्र) फिरवून भरावा. पाइप गटारातून किंवा गटाराला चिकटवून नेऊ देऊ नये. वाहिनीतला दाब कमी झाला की गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. वरचा डांबरी थर महापालिका करणार की आपण, हे परवानगीपत्रात पाहून घ्यावे. तोवर मुरुमाचा पृष्ठभाग रस्त्याच्या पातळीला ठेवून अधूनमधून भर घालणे आपल्याकडे राहते. पाइप बसवल्यावर, बुजवण्यापूर्वी, घराच्या भिंतीपासूनचे अंतर दिसेल असा टेप लावून फोटो काढावा आणि त्याची एक प्रत व्हॉल्व्हमनला पाठवावी.