फ्रायर लॉरेन्सचा दोष किती?

प्रश्न: शेक्सपिअरचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' हे नाटक आम्हाला कॉलेजात होतं. माझं मत असं की ज्युलिएट मेली नाही, औषधाने निपचित पडलीय हे रोमिओला कळवणारं पत्र पोचलं नाही म्हणून सगळा घोळ झाला, त्यात दोघांचं चोरून लग्न लावणारा पाद्री फ्रायर लॉरेन्स बिचारा काय करणार, तो तर भलं करायला गेला होता. मैत्रीण म्हणते सगळ्यात मोठा गुन्हेगार तोच. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: भलं करायला गेला होता यात शंकाच नाही, या लग्नाने दोघांच्या घराण्यांचं वैर मिटेल असं तो स्वतःच म्हणतो. आणि ते पत्र नेणाऱ्या फ्रायर जॉनला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडून ठेवलं, तो रोमिओ होता त्या मँटुआ शहरी पोचलाच नाही, हेही लॉरेन्सच्या हातात नव्हतं. पण जरा मागे जाऊन वाचा. रोमिओ हद्दपार होतो तेव्हा हाच त्याला सांगतो की तुझ्या नोकराकरवी निरोप पाठवत जाईन, आणि ज्या निरोपावर जीव अवलंबून होता तो मात्र दिला जॉनकडे, नोकर बाल्थझारला कोणी काही सांगितलंच नाही, त्याने ज्युलिएटला थडग्यात ठेवताना पाहिलं आणि ती मेली हे सांगायला तो तडक रोमिओकडे निघाला. याला नुसतं नशीब कसं म्हणायचं?

आणि माझ्या मते खरी चूक त्याच्याही आधीची आहे. ज्युलिएटच्या घरच्यांनी निवडलेला नवरदेव पॅरिस स्वतः लॉरेन्सकडे ज्युलिएटशी लग्न ठरल्याचं सांगायला येतो आणि हा खरं काय ते बोलत नाही! अहो, तिचं लग्न यानेच लावलंय, नवरा जिवंत असताना दुसरं लागणार नाही हे पाद्र्याला काय शिकवायला हवं? ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट भडकला असता, मुलीला घराबाहेर काढलं असतं, लॉरेन्सची अब्रू गेली असती, सगळं मान्य, पण पोरं जगण्याची शक्यता तरी होती ना. त्याऐवजी चौदाही पूर्ण नसलेल्या मुलीला त्याने 42 तास मेल्यासारखं पाडून ठेवणारं औषध दिलं. ते पिण्याआधी तिच्या मनात येतं की आधीचं लग्न उघडकीला येऊ नये म्हणून याने विषच दिलं असलं तर? मला तर हे वाचताना दरवेळी कसंतरी होतं, ज्याच्यावर एवढा भरवसा टाकला त्याच्याबद्दलच ही शंका. आणि दुसऱ्या दिवशी ती जिवंत आहे हे माहीत असून तो रडणाऱ्या आईबापांना सांगतो की पोर स्वर्गात सुखात आहे.

थडग्यातून तर तो चक्क पळतो. ज्युलिएट जागी झालीय, शेजारी रोमिओ मरून पडलाय, बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागते आणि तिला नन्सकडे ठेवतो, चल, एवढं बोलून हा निघतो, ती येत नाही तरी निघतो. तिथे थांबला असता तर खंजीर तिच्या हाताला लागलाच नसता असं मला वाटतं.

तरी सगळ्यात मोठा गुन्हेगार मी त्याला म्हणणार नाही, वैर पोसणारी दोन्ही घरं त्याच्या आधी येतात. शेवटी शहराच्या सत्ताधीश प्रिन्ससमोर तो काही न लपवता सगळं सांगतो, माझा जीव घ्या म्हणतो, आणि प्रिन्सही त्याला साधू माणूसच म्हणतो. फक्त हेच सगळं त्याने कॅप्युलेटच्या घरी जाऊन दोन-तीन दिवस आधी सांगायला हवं होतं.