शहराचे उत्पन्न कोण मोजते, आणि त्या कामात नोकरी आहे का?

प्रश्न: मी इचलकरंजीत राहते आणि बी.एस्सी.च्या (संख्याशास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईचे उत्पन्न 310 अब्ज डॉलर असल्याचे सांगणारी एक यादी मोबाइलवर पाहिली आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी इचलकरंजीचे उत्पन्न शोधायला घेतले, पण कोल्हापूर जिल्ह्याच्या आकड्यापलीकडे काही मिळाले नाही. हे मोजण्याचे काम कोण करते? त्यात नोकरी मिळते का? त्यासाठी एम.एस्सी. करावे, अर्थशास्त्रात एम.ए. करावे, की डेटा सायन्सचा कोर्स करावा? वडिलांचे खर्चीवर (व्यापाऱ्याचे सूत मजुरीने विणून देण्यावर) चालणारे यंत्रमाग आहेत. कोर्सची फी त्यांना जड जाईल.

उत्तर:

सस्नेह नमस्कार.

तुम्हाला आकडा सापडला नाही याचे कारण तुमच्या शोधात नाही. भारतात शहराचे उत्पन्न अधिकृतपणे काढलेच जात नाही. देशाचे उत्पन्न राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढते, तर राज्याचे आणि जिल्ह्याचे उत्पन्न राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते, आणि ते दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या प्रकाशनात छापले जाते. ही उतरंड जिल्ह्यापाशी थांबते. त्यातही जिल्ह्याचा आकडा पूर्णपणे मोजलेला नसतो. शेतीचे उत्पन्न बऱ्याच अंशी त्या त्या जिल्ह्याच्या माहितीवरून काढता येते, परंतु रेल्वे, बँका, विमा, केंद्रीय प्रशासन यांचे उत्पन्न देशपातळीवर काढून राज्यांना वाटले जाते आणि पुढे कामगारसंख्या, ठेवी, कर्जे अशा निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत विभागले जाते. म्हणजे या क्षेत्रातले कौशल्याचे काम वाटणीचे आहे, आणि तुमच्या करिअरचा विचार करताना हीच गोष्ट मध्यभागी ठेवावी असे मला वाटते.

मुंबईच्या त्या आकड्याकडे याच नजरेने पाहा. नीती आयोगाने 2024 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा आर्थिक आराखडा मांडला. त्यात या प्रदेशाची अर्थव्यवस्था सुमारे 140 अब्ज डॉलर धरली असून 2030 पर्यंत ती 300 अब्जांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ठाणे, पालघर आणि रायगडचे भाग धरूनही जे उद्दिष्ट अजून गाठायचे आहे, ते एकट्या मुंबईने केव्हाच ओलांडल्याचे तुमची यादी सांगते. असे आकडे समोर आले की सीमा कोणती धरली, वर्ष कोणते आणि डॉलर बाजारातल्या विनिमय दराचा आहे की क्रयशक्तीच्या समानतेचा (म्हणजे दोन देशांतल्या किमतींमधला फरक लक्षात घेऊन काढलेला), हे विचारावे. यांपैकी काहीच दिलेले नसेल तर तो आकडा प्रकल्पात घेऊ नये.

सीमेचा प्रश्न जगभर छळतो. चीनमध्ये शहरे स्वतःचे उत्पन्न जाहीर करतात, पण चोंगछिंग हे ‘शहर’ सुमारे 82,000 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यात डोंगर, शेती, खेडी सगळे येते. तिथलाच दुसरा दाखला अधिक बोलका आहे. थ्यॅनचिन शहरातील बिनहाय या नव्या औद्योगिक क्षेत्राने आपले 2016 चे उत्पन्न एक लाख कोटी युआनहून अधिक दाखवले होते. जानेवारी 2018 मध्ये ते सुमारे 66,500 कोटींवर आणावे लागले, कारण केवळ नोंदणीपुरत्या तिथे असलेल्या आणि प्रत्यक्ष कामकाज दुसरीकडे करणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्नही त्यात धरले गेले होते. आपल्याकडे असंख्य कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये मुंबईत आणि कारखाने इतरत्र आहेत, हे लक्षात घेतले तर हा दाखला दूरचा वाटणार नाही.

अमेरिकेत मात्र हे काम नियमितपणे होते. तिथला आर्थिक विश्लेषण विभाग 2007 पासून महानगरांचे उत्पन्न प्रसिद्ध करतो आणि आता काउंटीचेही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) करतो. लगतच्या काउंटीतले किमान 25 टक्के नोकरदार मुख्य शहराच्या काउंटीत कामाला जात असतील तर ती काउंटी त्या महानगरात धरली जाते. तिथे हे जमते याचे मोठे कारण असे की बेरोजगारी विम्यासाठी मालकांना पगाराची माहिती द्यावी लागते आणि त्या नोंदींवरून कोणत्या ठिकाणी किती पगार वाटला हे कळते. आपल्याकडे जीएसटीची नोंदणी राज्यनिहाय आहे. एकाच कंपनीचा पुण्यातला आणि मुंबईतला व्यवहार एकाच विवरणपत्रात जातो. जकातीबद्दल कोणाला ममत्व असण्याचे कारण नाही, पण जकात नाक्यांबरोबर शहरात काय आले याची एक कच्ची नोंदही गेली, एवढे मान्य करायला हवे.

आता तुमच्या प्रकल्पाविषयी. संपूर्ण इचलकरंजीचे उत्पन्न काढण्याचा हट्ट सोडावा आणि फक्त यंत्रमागाची स्थूल मूल्यवृद्धी, म्हणजे उत्पादनाच्या किमतीतून बाहेरून घेतलेल्या वस्तू-सेवांचा खर्च वजा करून उरणारी रक्कम, काढावी, असे मी सुचवेन. विद्यार्थी हमखास कापडाचे मीटर गुणिले बाजारभाव करून मोकळे होतात. तसे केल्यास दुसऱ्या गावच्या गिरणीत कातलेल्या सुताची किंमतही इचलकरंजीच्या पदरात पडते. तुमच्या वडिलांसारख्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडे सूत आणि कापड दोन्ही व्यापाऱ्याचे असते. त्यांचे उत्पादन म्हणजे त्यांना ‘पिका’च्या (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या) दराने मिळणारी विणकामाची मजुरी. त्यातून विजेचे बिल, तेल, सुटे भाग आणि बाहेरून करून घेतलेली दुरुस्ती वजा केली की मूल्यवृद्धी उरते. कामगारांचा आणि जॉबरचा (माग दुरुस्त ठेवणाऱ्या कारागिराचा) पगार मात्र वजा करायचा नाही, कारण तो मूल्यवृद्धीचाच भाग आहे. जे स्वतः सूत विकत घेऊन कापड विकतात, त्यांचा हिशेब वेगळा मांडून त्यात सुताचा आणि सायझिंगचा (सुताला खळ लावण्याचा) खर्च वजा करावा लागेल. सायझिंग आणि प्रोसेसची (कापड धुणे, रंगवणे अशा कामांची) मूल्यवृद्धी त्या त्या व्यवसायाची स्वतंत्र धरावी, नाहीतर तीच रक्कम दोनदा मोजली जाईल.

माग किती चालतात याचा अंदाज विजेवरून घेता येईल, कारण महावितरणच्या दरपत्रकात यंत्रमागाची वर्गवारी वेगळी आहे. त्या वर्गवारीतला वीजवापर शहरापुरता मिळाला आणि ओळखीच्या पंधरा-वीस कारखान्यांत एका मागाला महिन्याला किती युनिट लागतात हे विचारले, तर चालू मागांची संख्या बऱ्यापैकी बसवता येईल. साध्या आणि शटललेस (धोटा नसलेल्या आधुनिक) मागांचे नमुने मात्र वेगळे घ्यावेत. ओळखीतून घेतलेला नमुना यादृच्छिक नसतो, हेही अहवालात लिहावे. उपग्रहावरून दिसणाऱ्या रात्रीच्या उजेडावरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत आता बरीच वापरली जाते, परंतु पत्र्याखाली चालणाऱ्या मागांच्या गावात तिच्यावर फार विसंबू नये.

सीमेचे काय करायचे तेही आधीच ठरवा. इचलकरंजीची महानगरपालिका 2022 मध्ये झाली, पण तारदाळ, खोतवाडी, यड्राव इथलेही माग याच बाजारावर चालतात. दोन्ही हिशेब द्यावेत: एक महापालिका हद्दीचा, दुसरा या गावांसह. दरडोई आकडा मात्र देऊ नये. आसपासच्या गावांतून रोज कामाला येणाऱ्यांचे श्रम अंशात मोजले जातात आणि ती माणसे छेदात नसतात, त्यामुळे दरडोई उत्पन्न फुगते. हेच जगातल्या अनेक मोठ्या शहरांच्या दरडोई आकड्यांत होते.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. ‘शहराचे उत्पन्न मोजणारा’ असे पद तुम्हाला कुठल्या जाहिरातीत दिसणार नाही. त्याच्या शेजारची कामे मात्र भरपूर आहेत. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, आणि तिला संख्याशास्त्र विषयासह पदवी पुरते. वयाची अट सर्वसाधारण उमेदवारांसाठी 21 ते 30 अशी आहे. भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येते. उद्योगांची आणि घरोघरची पाहणी प्रत्यक्ष करणारी माणसे हीच. राज्याच्या संचालनालयात सहायक संशोधन अधिकारी, सांख्यिकी सहायक आणि अन्वेषक ही पदे असतात. जिल्हा उत्पन्नाचे काम याच संचालनालयाकडे असल्याने तुमची आवड त्याच्या सर्वांत जवळ जाते. शिवाय राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी 2025 पासून श्रमशक्ती पाहणीची रचना जिल्हा हा मूळ घटक धरून केली आहे, त्यामुळे जिल्हापातळीवरची आकडेवारी हाताळू शकणाऱ्यांची गरज वाढेल, असा माझा अंदाज आहे. खासगी क्षेत्रात पतमानांकन संस्था आणि नगरनियोजनाचे सल्लागार हे काम करतात. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. अशा वेळी शहराची आर्थिक कुवत कोणीतरी तपासावी लागते.

म्हणून तुमच्या बाबतीत माझे मत एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या बाजूने आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात हा विभाग आहे, त्यामुळे घरापासून दूर राहण्याचा खर्चही टळू शकेल. नमुना पाहणी आणि निर्देशांक हे विषय मन लावून शिकावेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेखांकनासाठी अर्थशास्त्राचे एक चांगले पाठ्यपुस्तक स्वतः वाचावे. तेवढ्यासाठी स्वतंत्र एम.ए. करण्याची गरज नाही. पुढे संशोधनाकडेच वळावेसे वाटले तर पुण्याची गोखले संस्था किंवा गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांचा विचार करता येईल. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची आर्थिक पाहणी करून ती 1945 मध्ये प्रसिद्ध केली होती, त्यामुळे एका शहराचा हिशेब मांडण्याची तिथली परंपरा जुनी आहे.

डेटा सायन्सच्या महागड्या कोर्ससाठी वडिलांनी आत्ता कर्ज काढू नये. तुम्हाला लागणारी ‘आर’ ही संगणकीय भाषा आणि नकाशांसाठीचे ‘क्यूजीआयएस’ दोन्ही फुकट मिळतात, आणि प्रकल्पातले वीजवापराचे आकडे त्या गावांच्या नकाशावर बसवताना त्यांचा बराचसा सराव होईल. सांख्यिकी सेवेच्या परीक्षेचा अर्ज वयाची अट बसताच पहिल्याच वर्षी भरावा, आणि एम.एस्सी.चा प्रवेश त्या निकालासाठी थांबवू नये.